कॅप्टनचं जायचं ठरत होतं तेव्हा

विमानकंपनी बुडते ती जहाजासारखी एकदम बुडत नाही. आधी विमानातला फुकटचा चहा गेला. मग मासिकं गेली. मग पगार उशिरा येऊ लागला, मग येईनासा झाला, आणि एका सकाळी विमानं निघायचीच थांबली. विमानतळाच्या पार कडेला ती ओळीने उभी करून ठेवली होती. इंजिनांच्या तोंडांवर लाल फडकी बांधलेली, त्यामुळे दाढदुखीने गाल बांधून बसलेल्या माणसांसारखी दिसायची. त्यातली बहुतेक कॅप्टनने चालवलेली होती. विमानतळाजवळच्या पुलावरून ती दिसतात म्हणून तो पूलच टाळायचा. लांबचा वळसा घालून जायचा आणि बायकोला सांगायचा, ट्रॅफिक फार होतं.

कॅप्टन हे त्याचं नाव नव्हे, हुद्दा. पण तो अंगाला चिकटला होता. लिफ्टवाला, इस्त्रीवाला, खालचा दुकानदार, सगळे त्याला कॅप्टनच म्हणायचे. बायको रागावली की "कॅप्टनसाहेब" म्हणायची. त्याचे वडील रेडिओ दुरुस्त करायचे. दुकान मोडून त्यांनी मुलाला विमान शिकवलं. मुलाने पहिल्यांदा त्यांना आपल्या विमानात बसवलं, तेव्हा म्हाताऱ्याने खिडकीबाहेर ढुंकूनही पाहिलं नाही, सगळा प्रवास डोक्यावरच्या स्पीकरकडे कान लावून बसले. उतरल्यावर म्हणाले, "खरखरतो रे तुझा स्पीकर." तेवढंच. आता वडील नव्हते, हे एका परीने बरंच झालं, असं कॅप्टनला हल्ली वाटायचं.

पन्नाशीला टेकलेल्या वैमानिकाला दारात कोण उभं करतं? देशातल्या उरलेल्या कंपन्यांपुढे रांग लागली होती, आणि रांगेतली पोरं त्याच्यापेक्षा तरुण आणि स्वस्त. शेवटी एका प्रशिक्षण वर्गात त्याला शिकवायचं काम मिळालं. टायरच्या दुकानावरची खोली, प्लास्टिकच्या खुर्च्या, खालून रबराचा वास. विषय हवामान. "इतकी वर्षं ढगांच्या वरून गेलो," तो पहिल्या दिवशी घरी येऊन म्हणाला, "आता फळ्यावर ढगांची चित्रं काढतो."

बायको हसली. तेव्हा ती अजून हसायची.

त्यांना एकच मुलगी. तिला घरात ठकी म्हणत. जन्मताना गळ्याभोवती नाळ अडकली आणि तिच्या डोक्याला हवा पोचायला उशीर झाला. आता ती आईच्या खांद्याएवढी झाली होती, पण चालायची ती कुणाचा तरी हात धरून, भिंत धरून. बोलायची मोजकं, तेही घरच्यांनाच कळेल असं. मधूनच फिट यायची. मग तिला कुशीवर वळवायचं, डोक्याखाली उशी सरकवायची आणि वाट बघायची. ती ज्या खास शाळेत जायची तिथे मोठ्या मुलांना ठेवत नसत, त्यामुळे आता ती दिवसभर घरीच असायची. कपडे धुण्याचं मशीन चालू झालं की तिला कोण आनंद! त्याला गाल टेकवून उभी राहायची आणि मशीन घुसळायला लागलं की खदखदून हसायची. त्यांच्या घरात कपडे गरजेपेक्षा जास्त वेळा धुतले जायचे.

बायको रक्त-लघवी तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेत होती. सकाळी ती कामावर जायची, तेव्हा ठकीपाशी कॅप्टन. दुपारी ती परत आली की तो वर्गावर. दारात दोघांची गाठ पडायची. "खाल्लं का तिने?" "निम्मं." "औषध?" "दिलं." पहारेकरी बदलतात तशी ती भेट.

अशात बारक्याचा फोन आला.

बारक्या हा त्याचा जुना सहवैमानिक. खाऊनपिऊन वेताच्या छडीसारखा, म्हणून बारक्या. कंपनीला घरघर लागली तेव्हाच तो शहाण्यासारखा उठून परदेशातल्या एका मोठ्या कंपनीत गेला होता. कॅप्टनच्या हाताखाली शिकलेला, त्यामुळे अजूनही 'सर' म्हणायचा.

"सर, इथे कॅप्टन हवेत. तुमच्याच जातीचं विमान. मी तुमच्याबद्दल बोललोय."

"माझं वय विचारलंस का त्यांना?"

"वय नाही, तास बघतात इथे. तुमच्याइतके तास उडालेले त्यांच्याकडे फार नाहीत. या हो. घर देतात, विमा देतात. घरच्यांनाही आणता येतं."

त्या संध्याकाळी ठकीला भरवताना दोघं याच विषयावर बोलले. बायको पावाचे तुकडे दुधात कुस्करत होती. घर कसं असेल, ठकीला तिथे डॉक्टर कसे मिळतील, उन्हाळा सोसेल का, असं ती विचारत गेली. बऱ्याच दिवसांनी तिच्या बोलण्यात पुढचा काळ आला होता. कॅप्टन हो हो म्हणत होता. त्याला नुसत्या बोलण्यानेही मोकळा श्वास घेतल्यासारखं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी बारक्याचा पुन्हा फोन आला. या वेळी त्याचा आवाज खाली आला होता.

"सर, एक राहिलंच सांगायचं. राहायचा परवाना देताना इथे घरच्या सगळ्यांची तब्येत तपासतात. ठकीसारख्यांना... नाही देत. आमच्यातल्या एकाचा मुलगा असाच आहे. त्याने खरं सांगितलं, तर मुलाचा परवाना नाकारला आणि त्याचं स्वतःचंही प्रकरण लटकलं ते लटकलंच."

"मग?"

"मग काय. तुम्ही मुलाखतीत तिचा विषयच काढू नका. आधी एकटे या, पाय रोवा. पुढचं पुढे बघू."

"माझ्या पोरीला लपवू?" कॅप्टन एवढ्या जोरात ओरडला की आतल्या खोलीत ठकी दचकली. "तुला लाज वाटायला हवी होती हे बोलताना."

"वाटते आहे, सर," बारक्या म्हणाला. "ती लहानपणी माझ्या खांद्यावर झोपलेली आहे, विसरलात का?"

म्हणजे इकडे आड तिकडे विहीर. राहावं तर टायरच्या वासात ढग काढत म्हातारं व्हायचं. जावं तर एकट्याने. कॅप्टनची मोठी बहीण, ताई, हे ऐकून धावत आली. ताई स्वभावाने वाईट नव्हती, पण जगाची व्यवस्था लावायची तिला भारी हौस.

"तिसरी वाट आहे की," ती चहाचा कप खाली ठेवत म्हणाली. "अशा मुलांसाठी संस्था असतात. मी एक बघून आलेय. स्वच्छ आहे, माणसं मायेची आहेत. तुम्ही दोघं जा. वर्षातून एकदा येऊन भेटा."

बायको ठकीच्या हनुवटीवरची लाळ पुसत राहिली.

"बघायला काय जातंय?" ताई म्हणाली. "बघून ठेवलं म्हणजे ठेवून आलो असं थोडंच होतं?"

म्हणून ते बघायला गेले, ठकीला बरोबर घेऊन. इमारत शहराबाहेर होती, मागे निलगिरीची झाडं. ताई खोटं बोलली नव्हती. फरशी लख्ख होती, फिनेलचा आणि उकडलेल्या बटाट्यांचा वास येत होता, आणि तिथल्या मुख्य बाई प्रत्येकाला नावाने हाक मारत होत्या. लांबलचक खोलीत खाटा ओळीने लावलेल्या, प्रत्येक खाटेच्या उशाशी घरच्यांचा फोटो. काही फोटो इतके जुने, की त्यातले रंग उडून सगळे चेहरे पिवळे झाले होते. दाढीचे खुंट वाढलेला, अर्धी विजार घातलेला एक माणूस भिंतीकडे तोंड करून बसला होता. कॅप्टन जवळून गेला तसा तो उठला आणि त्याने त्याचा हात धरला. घट्ट. सोडेना.

"मनावर घेऊ नका," बाई हसून म्हणाल्या, "तो सगळ्यांनाच धरतो."

"सोडतो कधी?"

"दमला की."

तो हात तसाच अडकलेला असताना कॅप्टनने मागे पाहिलं. ठकीला नव्या जागी नेलं की ती किंचाळायची, दाराची चौकट धरून ठेवायची. सगळ्यांनी त्याचीच तयारी ठेवली होती. पण ती खिडकीजवळच्या एका खुर्चीवर जाऊन आपली आपण बसली होती. हात मांडीवर. जसं काही आता आपल्याला इथेच बसायचं आहे. तिने हट्ट केला असता, आरडाओरडा केला असता, तर कॅप्टनला सोसलं असतं. तिचं ते शहाण्यासारखं बसणं मात्र सोसवेना.

फाटकाबाहेर आल्यावर बायको ताईला म्हणाली, "ताई, तुम्ही चांगल्या मनाने दाखवलंत. पण माझ्या जिवात जीव आहे तोवर नाही."

"आणि नंतर?" ताई म्हणाली. म्हणाली आणि लगेच ओठ चावला. पण शब्द बाहेर पडला तो पडलाच, आणि परतीच्या वाटेवर गाडीत तो पाचव्या माणसासारखा बसून राहिला.

पुढच्या महिन्यात कॅप्टन परीक्षेसाठी त्या देशात गेला. जाऊन तर येऊ, नाही म्हणायचं आपल्याच हातात आहे, असं त्याने बायकोला आणि स्वतःला सांगितलं. परीक्षा खऱ्या विमानात नसते. पोलादी पायांवर उभी असलेली एक बंद पेटी असते. आत विमानाची चालक-खोली जशीच्या तशी, आणि ती पेटी डुलते, हादरते, कलंडते. परीक्षक एक सर्दी झालेला म्हातारा होता. खिशातून खोकल्याच्या गोळ्या काढून चघळायचा आणि त्याच निवांतपणे संकटं सोडायचा. धुकं सोडलं. एका इंजिनाला आग लावली. मग वारा आडवा घातला.

कॅप्टनचे हात इतके दिवस पाव कुस्करत होते, खडू धरत होते, ओले कपडे पिळत होते. आता ते आपोआप चालू लागले. त्याला विचारच करावा लागला नाही. घंटा वाजत होती, लाल दिवा पेटला होता, आणि त्याच्या आत मात्र सगळं शांत होतं. एवढी शांतता त्याला कंपनी बंद पडल्यापासून लाभली नव्हती. त्याने एका इंजिनावर पेटी धुक्यातून खाली आणली आणि धावपट्टीच्या मधल्या रेषेवर टेकवली.

म्हाताऱ्याने गोळी एका गालातून दुसऱ्या गालात सारली. "तुमच्यासारखी माणसं घरी बसतात," तो म्हणाला, "याला काय म्हणावं!"

त्या वाक्यावर तरंगतच कॅप्टन मुलाखतीच्या खोलीत गेला. करड्या जाकिटातली एक बाई, टेबलावर पुदिन्याच्या गोळ्यांची वाटी. बाई हसतमुख होती. कुठे शिकलात, रात्रीची उड्डाणं चालतील का, असं विचारत गेली. मग म्हणाली, "लग्न?"

"झालंय."

"मुलं?"

"नाही," कॅप्टन म्हणाला.

काही झालं नाही. बाईने मान डोलावली आणि ती पुढच्या प्रश्नाकडे गेली. वाटीतली एक गोळी घ्या म्हणाली. कॅप्टनने घेतली. नंतर त्याने स्वतःला पुष्कळदा विचारून पाहिलं, तो शब्द घशाशी अडला होता का, जीभ जड झाली होती का. नव्हती झाली. आधीपासून पाठ असल्यासारखं ते उत्तर आलं.

आणि परतीच्या विमानात तो झोपला. लहान मुलासारखा गाढ झोपला. जाग आली तेव्हा पहिले काही क्षण तो एक निपुत्रिक माणूस होता, उत्तम वैमानिक, खिडकीतून ऊन येत होतं आणि अंग पिसासारखं हलकं होतं. मग सगळं आठवलं. पण तो हलकेपणा त्याने अनुभवला होता. तो आलाच नाही असं त्याला आता म्हणता येणार नव्हतं.

आठवड्याभरात कळलं, नोकरी पक्की. नव्या वैमानिकांचा पुढचा वर्ग सुरू व्हायच्या आत त्याने फक्त होकार कळवायचा होता.

त्याने बायकोला सांगितलं ते दुपारी, ती कामावरून आल्यावर. ती ठकीची नखं कापत होती. हे काम नाजूक. ठकी हात ओढून घ्यायची, म्हणून तिला मशीनपाशी बसवून, मशीन चालू करून कापायची असत.

"मिळाली," कॅप्टन म्हणाला.

"मला वाटलंच होतं."

"एक सांगायचंय. त्यांनी मुलं आहेत का विचारलं. मी नाही म्हटलं."

मशीन घुसळत होतं. बायकोने एक बोट संपवलं, दुसरं धरलं.

"बारक्याने शिकवलं होतं का?"

"बारक्याने विषय काढू नका म्हटलं होतं. मी नाही म्हटलं."

"जड गेलं?"

खोटं बोलणं शक्य होतं. ती एक संधी तिने त्याला दिली होती. पण एका महिन्यात दोनदा खोटं बोलण्याचं बळ त्याच्यात नव्हतं.

"नाही गेलं," तो म्हणाला.

बायकोने नखं गोळा करून कागदाच्या पुडीत बांधली. ठकीचा हात सोडला. ठकीने लगेच तो मशीनवर ठेवला.

"जा तू," ती म्हणाली. "रागाने नाही सांगत. जा."

"अगं पण..."

"ऐक. माझी पाठ गेलीय. डॉक्टरने हिला उचलायचं नाही म्हणून सांगितलंय, तुला बोलले नाही. तू तिकडे गेलास की हाताशी शिकलेली बाई ठेवता येईल, दिवसभराची. मी बघून ठेवलीय. आणि दुसरं," तिने जरा श्वास घेतला, "या घरात मी दोघांना सांभाळते. ठकीचं मला काही नाही वाटत, ती हसते तरी. तू सकाळी उठून त्या खुर्चीत बसतोस ना, भिंतीकडे बघत, ते मला उचलवत नाही."

इतके दिवस आपण घराला धरून बसलोय असं कॅप्टनला वाटत होतं. घर त्याला धरून बसलं होतं हे त्याला आज कळलं.

म्हणजे ठरलंच. पुढचे दिवस घरात बरे गेले, हे एक नवल. ती बाई येऊ लागली, ठकीला सवय व्हावी म्हणून. तिला सगळे मावशी म्हणू लागले. मावशी धिप्पाड, आवाज भसाडा, हात मात्र हलका. ठकीला ती अशी उचलायची की जशी उशी. आंघोळ घालताना ती बेसूर गायची आणि ठकी तिच्यावर पाणी उडवायची. बायको कामावरून आली की दोन्ही पाय वर घेऊन बसायची. एकदा तर बसल्या बसल्या झोप लागून तिच्या हातातला कप कलंडला. कॅप्टनने तो अलगद काढून घेतला. झोपेत तिचा चेहरा किती मोकळा दिसत होता.

ताईने त्याच्यासाठी मोठी बॅग आणली. "आता मागेपुढे बघू नकोस," ती म्हणाली. लिफ्टवाल्याने दोनदा अभिनंदन केलं. वर्गातल्या पोरांनी पेन भेट दिलं.

फक्त होकार कळवायचा राहिला होता.

रोज सकाळी तो ते करायला बसायचा. यात काही अवघड नव्हतं, एक ओळ लिहून पाठवायची. लिहायचा आणि खोडायचा. बायकोला वाटलं, पाठवून झालंय. तिने विचारलं नाही आणि त्याने सांगितलं नाही. त्याला ठकीला सोडून जायचं दुःख होत असतं, तर त्याने ते दाबून होकार दिला असता. पोटासाठी माणसं दूर जातातच, त्यात नवल काय. त्याची भीती वेगळी होती. ते विमानातलं हलकेपण त्याला हवं होतं. भुकेल्यासारखं हवं होतं. तिकडे रोज कुणी ना कुणी विचारेल, मुलं? आणि तो रोज नाही म्हणेल, आणि एक दिवस ते खोटं उरणार नाही. फोन करायला उशीर होईल. मग सुट्टीत यायचं पुढे ढकललं जाईल. आपण कसे आहोत हे त्याला त्या गोळ्यांच्या वाटीसमोर कळलं होतं. हे बायकोला कुठल्या तोंडाने सांगायचं? आणि न सांगता थांबायचं तर कशासाठी थांबलो म्हणायचं? धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

असं करता करता तिकडचा वर्ग सुरू व्हायचा दिवस गेला. त्याने जाऊ दिला. दोन दिवसांनी बारक्या फोनवर किंचाळत होता, "सर, जागा दुसऱ्याला दिली! तुम्ही उत्तरच दिलं नाही म्हणतात! काही घोटाळा झाला का?"

फोन स्पीकरवर होता. बायको दारातच उभी होती, खांद्यावर पर्स, अजून चप्पलही काढली नव्हती.

तिने चप्पल काढली, जागेवर ठेवली. मावशी ठकीला घेऊन आत होती. तिचं गाणं ऐकू येत होतं.

"का?" बायकोने विचारलं.

"तुम्हाला सोडून जाववेना," कॅप्टन म्हणाला. सगळ्यात सोपं होतं ते तोंडातून निघालं.

"आमच्या नावावर बिल फाडू नकोस," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "मी तुला जा म्हटलं होतं. ठकीने तुला काही म्हटलेलं नाही, तिला म्हणता येत नाही. तू स्वतःसाठी राहिलास. कशासाठी ते तुझं तुला माहीत. पण उद्या कुणाला सांगू नकोस की मुलीसाठी मी एवढी मोठी नोकरी सोडली. मला ते ऐकवणार नाही."

"ऐक तरी..."

"मावशीला तू सांगशील. मी नाही सांगणार."

तेही त्यालाच करावं लागलं. मावशी समजूतदार होती. "होतं असं," ती म्हणाली, चपला शोधत. ठकीने तिचा पदर धरला होता. एकेक बोट सोडवावं लागलं. मावशीने तिच्याशी गोड गोड बोलत ती सोडवली आणि जिन्यात गेल्यावर नाक शिंकरलेलं कॅप्टनने ऐकलं. त्यानंतर बरेच दिवस ठकी आंघोळीच्या वेळी दाराकडे बघत राहायची आणि पाणी उडवायची नाही.

ताई आली, कपाळाला हात लावून बसली. "तेलही गेलं, तूपही गेलं," म्हणाली, आणि पुढचं न बोलता बॅग परत घेऊन गेली.

बाहेरच्या जगाने मात्र कॅप्टनला सोडलं नाही. लिफ्टवाला हात जोडून म्हणाला, "साहेब, असा बाप बघितला नाही. पोरीसाठी लाथ मारलीत नोकरीला." खालच्या दुकानदाराने हीच गोष्ट चार लोकांना सांगितली. कॅप्टन प्रत्येक वेळी 'तसं काही नाही हो' म्हणायचा आणि लोकांना तो विनय वाटायचा. बायको शेजारी असली तर ती दुसरीकडे बघायची. हा तोंड दाबून बुक्क्यांचा मार त्याने मुकाट खाल्ला.

वैमानिकाचा परवाना असा आहे की उडत राहिलात तर तो जिवंत, थांबलात की वाळत जातो. वैद्यकीय तपासणीची वेळ आली तेव्हा कॅप्टन गेलाच नाही. कुणाला दाखवायची तब्येत? वर्गात तो ढग शिकवत राहिला. चांगला शिकवायचा म्हणतात. त्याच्या हाताखालची दोन पोरं परदेशात लागलीसुद्धा. जाताना त्याच्या पाया पडून गेली.

बायकोच्या पाठीचं शेवटी ऑपरेशन झालं. तिची नोकरी सुटली. ती पट्टा बांधून घरात फिरते आणि ठकीला उचलायचं सगळं काम आता कॅप्टनकडे आहे. तो ते करतो. चुकवत नाही, कुरकुरत नाही. नवराबायको बोलतात, औषधाचं, जेवणाचं, नळाच्या गळतीचं. भांडत नाहीत. भांडायला समोरच्याकडून काही हवं असावं लागतं.

बारक्या मागच्या सुट्टीत भेटायला आला होता. आता तोही कॅप्टन झालाय, पोट सुटलंय, पण नाव बारक्याच. ठकीसाठी त्याने कळ दाबली की थरथरणारी एक उशी आणली होती. ठकीने ती गालाला लावली आणि बाजूला टाकली. बारक्या इकडच्या तिकडच्या गप्पा मारत बसला, विमानांच्या, म्हाताऱ्या परीक्षकाच्या निवृत्तीच्या. कॅप्टन ऐकत होता, मध्येच उठून ठकीची मान सरळ करत होता.

निघताना लिफ्टपाशी बारक्या म्हणाला, "सर, एक विचारू? राग नका मानू. बरं केलंत ना, न येऊन? म्हणजे, आता वाटतं ना बरं?"

लिफ्ट यायला वेळ लावत होती. कॅप्टनने पुन्हा एकदा बटण दाबलं.

"तुला तिकडे विचारतात का रे, मुलं आहेत का म्हणून?"

"विचारतात की. सारखं."

"काय सांगतोस?"

"दोन आहेत म्हणतो," बारक्या म्हणाला. त्याला प्रश्नाचा रोख कळला नव्हता. "फोटो दाखवतो."

"हं," कॅप्टन म्हणाला. लिफ्ट आली. बारक्याने वाकून नमस्कार केला आणि आत गेला.

घरात ठकीला फिट आली होती. बायको पट्ट्यामुळे वाकू शकत नव्हती. ती भिंतीला धरून उभी राहून त्याला हाक मारत होती. कॅप्टन धावला. त्याने ठकीला कुशीवर वळवलं, डोक्याखाली नवी उशी सरकवली. तिचं अंग ताठलं होतं, डोळे वर गेले होते. तो तिच्या पाठीवर हात ठेवून बसला. हळूहळू झटके कमी झाले आणि ती झोपली.

"गेला तो?" बायकोने विचारलं.

"गेला."

"काय म्हणत होता?"

"काही नाही."

बायको भिंत सोडून हळूहळू खुर्चीकडे गेली. कॅप्टन जमिनीवर बसून राहिला. उठायला त्याच्याही गुडघ्यांना आता हात टेकावे लागतात, आणि उठून करायचं असं काही नव्हतं.